लेकरू झोपलेलं असताना गाडीत बसू नका

(नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पत्र थोडं आटोपतं घेतलं आहे.)

ताई, नमस्कार.

मी धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे. चौदा वर्षं झाली. पटावर ३१ लेकरं, त्यातल्या १८ जणांचे आईबाप दरसाल ऊसतोडीला साखर कारखान्याला जातात. त्यातल्या एका लेकरासाठी लिहिते. त्याला सोन्या म्हणू. वय सव्वातीन. आधी माय त्याला कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, सोबत न्यायची. एकदा उसाच्या फडाच्या कडेला झोपवलेलं असताना ट्रॅक्टरच्या चाकाखाली येता येता वाचला, म्हणून मागच्या दसऱ्याला त्याला आजीपाशी ठेवलं. रात्री गाडी आली, आईबाप गेले. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या सुमाराला परत आले.

तेव्हापासून ते मायजवळ जात नाही. तिनं उचललं की अंग ताठ करतं. आजीलाच माय म्हणतं. अंगणवाडीत एक शब्द बोलत नाही. मागच्या साली 'पानी दे', 'बा गेला' असे दोन-दोन शब्द जोडायचं. आता चावतं. आजी म्हणते, घरी शेळीशी बोलतं, बाकी कुणाशी नाही. खिचडी खाता खाता ताटावरच झोपून जातं, कारण रात्रीचं झोपत नाही, टकटक बघत राहतं. मायची एक जुनी चुंबळ आहे, ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची चिंध्यांची, मळून काळी पडलेली, ती दिवसभर हातात. कुणी ओढली की आकांत करतं.

आजी म्हणते बाहेरचं झालंय, देवर्षीकडं दोनदा नेलं. शेजारीण म्हणते मंद आहे. माय म्हणते, 'लेकरू मला वळखंना, आता कशाला जगायचं.' तपासणीचं पथक आलं होतं. मी सांगितलं तर म्हणाले, बोलेल हळूहळू. वजन-उंची घेतली अन् गेले.

हे लेकरू येडं आहे का? त्याला कुठं दाखवावं, बीडला का पुण्याला? दसऱ्याला परत गाडी येणार, परत लेकरं मागं राहणार, तर मी एकटी काय करू? आणि ती चुंबळ फेकून द्यावी का? आजी रोज विचारते.

— एक अंगणवाडी ताई, जि. बीड

*

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चावणं, न बोलणं, अंग ताठ करणं एवढंच डोळ्यांत भरलं. दुसऱ्यांदा वाचताना दोन ओळींवर अडकले. 'रात्री गाडी आली, आईबाप गेले.' आणि बरंच खाली, जाता जाता लिहिल्यासारखं, 'रात्रीचं झोपत नाही, टकटक बघत राहतं.' तुम्ही या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्यात. मला वाटतं, सोन्याच्या हिशेबात ती एकच गोष्ट आहे.

गाडी कशी येते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. मजूर नेणाऱ्या मुकादमाचा फोन येतो, रात्री एक-दोनला ट्रॅक्टर दाराशी उभा राहतो. पीठ-मीठ, भांडी, सरपण, ताडपत्री चढते. लेकरू गोधडीत झोपलेलं असतं, मायचा पदर मुठीत धरून. घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'उठवू नको, उठलं तर लई आकांत करंल, झोपेतच निघ.' माय पदर हळूच सोडवून घेते. यात कुणाचंच मन वाईट नसतं. रडणं वाचवायचं असतं, लेकराचं आणि तिचं स्वतःचंही.

आता तेच गोधडीतून बघा. तो अडीच वर्षांचा होता. झोपला तेव्हा माय होती, उठला तेव्हा नव्हती. दसरा ते पाडवा म्हणजे किती, हे त्या वयात कळत नाही. उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, मुकादम, हंगाम यातलं काहीच कळत नाही. त्याला कळलं ते एवढंच की आपण डोळे मिटले की माय जाते. आता ती परत आलीय, म्हणजे पुन्हा जाऊ शकते. म्हणून ते लेकरू रात्रभर पहाऱ्यावर बसतं आणि दिवसा तुमच्या अंगणवाडीत, जिथं गाडी येत नाही तिथं, खिचडीच्या ताटावर झोपतं. त्याला तिथं झोप लागते याचा अर्थ तुमची जागा त्याला सुरक्षित वाटते. हे आधी स्वतःला सांगा, मग बाकीचं.

लंडनच्या हॉस्पिटलांमध्ये एके काळी लहान मुलांना आईपासून वेगळं ठेवायचे. भेटायला आलेली आई गेली की मूल रडतं, वॉर्डात शिस्त राहत नाही, म्हणून भेटी जवळजवळ बंद. जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या दोन अभ्यासकांनी ती मुलं नीट पाहिली आणि १९५२मध्ये त्याबद्दल लिहिलं. मूल आधी आकांत करतं, मग खचून गप्प होतं, आणि शेवटी आईकडं पाठ फिरवतं, जणू तिच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. नर्सबाई म्हणायच्या, बघा, रुळलं! प्रत्यक्षात ते मन मिटून बसलेलं असायचं. या कामामुळं पुढं तिथल्या हॉस्पिटलांचे नियम बदलले. सोन्याची माय जे पाहतेय ते तिसरं पाऊल आहे. तिला सांगा, लेकरू तुला ओळखतं, चांगलं ओळखतं. तू कुणीच नसतीस तर त्यानं तुझ्यासाठी एवढं अंग आखडलं नसतं.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुम्ही लिहिलेलं जवळजवळ सगळं अशा ताटातुटीनंतर लहान लेकरात दिसतं. चावणंसुद्धा. शब्द नसलेल्या माणसाकडं दात उरतात. शेळीशी बोलतं ही तर मला पत्रातली सगळ्यात चांगली बातमी वाटली. शेळी त्याला 'बोल की रे' असं म्हणत नाही ना!

तरीही तपासणी हवीच. आलेले शब्द जाणं ही गोष्ट कोणत्याही वयात 'बोलेल हळूहळू' म्हणून सोडायची नसते. ताटातुटीनं शब्द आटतात, तसे ते ऐकू कमी येण्यानं, स्वमग्नतेनं किंवा फिट्सच्या काही प्रकारांनीही जाऊ शकतात. पत्रावरून मी ते ठरवू शकत नाही, आणि कुणी ठरवत असेल तर विश्वास ठेवू नका.

तपासणी कानापासून सुरू करा. हे मी माझ्या चुकीतून शिकलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी महिन्यातून दोनदा बसायचे. एक आजी चार वर्षांच्या नातीला घेऊन आली. पोरगी गप्प, आईबाप कारखान्यावर. मला वाटलं, कळलंच की! घरात बोलायला कुणी नाही, म्हणून बोलत नाही. गोष्टी सांगा, गाणी म्हणा, असा सल्ला देऊन पाठवलं. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्या कानात बॅटरी मारून पाहिलं. दोन्ही कान वर्षभर वाहत होते. आजी बिचारी रोज पू पुसत होती, पण मी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नाही. पोरीला माझी गाणी ऐकूच येत नव्हती. तेव्हापासून मन बघायच्या आधी मी कान विचारते. सोन्याच्या पाठीमागं उभ्या राहून हळू आवाजात त्याच्या आवडीच्या वस्तूचं नाव घ्या, वळतो का पाहा. उशीला डाग, वास, वारंवार सर्दी आहे का ते आजीला विचारा. घरी वळला तरी कान तपासून घ्यायचाच, ही नुसती पहिली चाचपणी.

कुठं न्यायचं? पुण्याला नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे तुमच्याकडं येणारं ते पथक, २०१३मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झालं. त्यांच्या कामात चार गोष्टी येतात: जन्मजात दोष, कमतरतेचे आजार, बालपणीचे इतर आजार आणि विकासातला विलंब. ही चौथी गोष्ट वजनकाट्यावर दिसत नाही, म्हणून घाईत राहून जाते. पथक अंगणवाडीला वर्षातून दोनदा यायचं असतं. पुढच्या भेटीची वाट बघू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून पथकाच्या डॉक्टरांचा नंबर घ्या आणि स्पष्ट शब्दांत सांगा: 'लेकरू दोन शब्दांची वाक्यं बोलत होतं, ती गेली. मला संदर्भ चिठ्ठी पाहिजे.' 'बोलत नाही' आणि 'बोललेलं गेलं' यात डॉक्टरांच्या दृष्टीनं फार फरक आहे. चिठ्ठी मिळाली की जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, बालरोगतज्ज्ञ, कान आणि वाचा तपासणारे, मानसशास्त्रज्ञ अशी माणसं एका जागी असावीत अशी रचना आहे, आणि या कार्यक्रमातून पाठवलेल्या मुलाला तिथं पैसे पडत नाहीत. तुमच्या भागातून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही सोयीचं आहे. तिथं बालरोग, कान-नाक-घसा आणि मनोविकार असे तिन्ही विभाग एका आवारात आहेत. सकाळी लवकर केसपेपर काढा, आधी बालरोग, मग कान. बेरा नावाची कानाची तपासणी सांगितली तर घाबरायचं नाही. डोक्याला तारा लावतात, त्यानं दुखत नाही. लेकरू झोपेत असताना करतात एवढंच. आणि सोन्याच्या बाबतीत तेवढंच अवघड आहे, म्हणून ते अगोदरच सांगा. माय आणि आजी दोघींनी बसावं आणि तो जागा होईल तेव्हा दोघी तिथंच असाव्यात.

जाताना एक कागद सोबत न्या. तुम्ही इतकं छान पाहता, ते चार ओळींत लिहा: आधी काय बोलायचा, कधीपासून थांबला, झोप किती, कुणाशी बोलतो. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. त्यात आजी 'बाहेरचं झालंय' म्हणाली की तीन मिनिटं तिथंच जातात.

देवर्षीवरून आजीशी भांडू नका. तिनं सहा महिने एकटीनं ते लेकरू सांभाळलंय, आणि गावात तिला दुसरं कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. अंगारा लावायचा तर लावा म्हणावं, आणि गुरुवारी कानही दाखवून येऊ. मात्र मारणं, धुरी देणं, चटका, उपाशी ठेवणं यातलं काही निघालं तर तिथं गोड बोलायचं नाही. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे, आणि लहान मुलासाठी १०९८ हा नंबर आहे.

आता माय. 'आता कशाला जगायचं' हे वाक्य आपल्याकडं बायका येता-जाता बोलतात, म्हणून ते कुणी ऐकत नाही. तुम्ही ऐकलंत आणि लिहिलंत. एक पाऊल पुढं जा. एकटी गाठून सरळ विचारा: 'बाई, जिवाचं काही बरं-वाईट करावं असं मनात येतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट असला तर बाहेर येतो. 'हो' म्हणाली, किंवा नुसतीच गप्प बसून रडली, तर त्या दिवशी तिला एकटं ठेवायचं नाही. घरात फवारणीचं औषध असेल तर ते हलवायचं, आणि १४४१६वर फोन लावायचा. हे टेलिमानस, मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन, २०२२पासून सुरू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलतात. त्याच दिवशी तिला डॉक्टरांपर्यंत न्यायचं. 'तसं नाही, पण जेवण जात नाही, कशातच मन नाही' असं म्हणाली आणि हे दोन आठवड्यांवर गेलेलं असेल, तरी आरोग्य केंद्रात दाखवायचं, फक्त एवढी घाई नाही.

लेकराच्या पत्रात मी मायचं एवढं का लांबवतेय? कारण या वयात लेकराच्या मनाचा दवाखाना बराचसा मायच्या मनातच असतो. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतिफ रहमान या मानसोपचारतज्ज्ञांनी एक प्रयोग केला, २००८मध्ये तो छापून आला. तिथल्या आरोग्यसेविका, शिक्षण साधारण तुमच्या-आशाताईंच्या इतकंच, उदास असलेल्या बाळंतिणींच्या घरी जाऊन ठरावीक पद्धतीनं बोलायला शिकल्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्या भेटी मिळालेल्या बायकांपैकी २३ टक्के अजून उदास होत्या, आणि नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. त्या गावांत मानसोपचारतज्ज्ञ आणून बसवले नव्हते. पुढं त्याच धर्तीवर गोव्यातही काम झालं, तिथं तर शेजारपाजारच्या बायकाच शिकून हे करत होत्या. तुम्ही घरभेटीला जाताच. दहा मिनिटं लेकराच्या वजनाबद्दल न बोलता तिच्याबद्दल बोला.

तिला द्यायचं काम मात्र अगदी साधं असू द्या. सोन्याला ओढून घेऊ नको, हाका मारून जवळ बोलावू नको. तो आजीपाशी असेल तिथं दोन हातांवर बस, शेंगा निवड, भाकरी कर, त्याच्याकडं न बघता काहीतरी पुटपुटत राहा. आजीच्या हातून एकच काम काढून घे, उदाहरणार्थ अंघोळीनंतरचं तेल. आणि रात्री त्याच्या गोधडीशेजारी झोप. झोपायच्या आधी रोज तेच वाक्य: 'मी हितंच हाय. तू उठशील तवा हितंच असंन.' आणि मग खरोखर तिथं असायचं. पहाटे पाण्याला किंवा खुरपणीला जायचं असेल तर त्याला हलवून उठवून सांगायचं, 'मी पाण्याला चालले, येते.' रडला तर रडू द्या. हे पंधरा दिवसांत होणार नाही. दोन महिनेही लागतील, आणि मध्येच एखादा दिवस सगळं उलटं फिरल्यासारखं वाटेल. तो मायला चिकटायला लागला, तिच्यामागं संडासापर्यंत जायला लागला, की आजी म्हणेल 'आता तर लईच बिघडलं.' मला विचाराल तर त्या दिवशी पेढे वाटा.

तुमच्या अंगणवाडीत त्याला बोलायला लावू नका, 'नाव सांग, मग खाऊ' तर अजिबात नको. सकाळी आला की रोज एकाच जागी, एकाच शब्दांत स्वागत, आणि हाताला काम, ताटं वाटणं वगैरे. झोपला तर झोपू द्या, मदतनीस ताईंना सांगा की उठेपर्यंत दोघींपैकी एक नजरेसमोर हवी. आणि काड्यापेटीचा ट्रॅक्टर करा. दोन टोप्यांची चाकं, मागं दुसऱ्या पेटीची ट्रॉली, तिच्यात चिंध्यांची दोन माणसं. त्याच्यासमोर ठेवून द्या, काही शिकवू नका. माझा अनुभव असा की अशी लेकरं पहिले काही दिवस माणसं घालून ट्रॅक्टर दूर नेऊन सोडतात, पुन्हा पुन्हा, तोच खेळ. मग कधीतरी ट्रॅक्टर परत आणतात. तुम्ही शेजारी बसून एवढंच म्हणायचं: 'गेली गाडी... आली गाडी.' एका पोरानं माणसं ट्रॉलीतून काढून माझ्या ओंजळीत ठेवली आणि मूठ स्वतःच्या हातानं बंद केली होती. ते तेव्हाही बोललं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, ३१ लेकरं, रजिस्टरं, मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर, हे कधी करू? बरोबर आहे. अंगणवाडीचं काम वजन, उंची, टीएचआर (घरी न्यायचा आहार) आणि फोटोत आटलंय ही माझी जुनी तक्रार आहे. पण पुढच्या मासिक बैठकीत पर्यवेक्षिकांना हेही सांगा की खेळ हे तुमचं जास्तीचं काम नाही, ते मूळ काम आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०२४मध्ये तीन वर्षांच्या आतल्यांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहासाठी 'आधारशिला' काढलं, त्यात हेच आहे. वरचे साहेब आकडे मागतील तर जमैकाचा सांगा. तिथं किंग्स्टनमध्ये १९८०च्या दशकात १२९ खुरटलेल्या बाळांवर एक अभ्यास झाला. काहींच्या घरी आरोग्य सहायिका दर आठवड्याला तासभर जायच्या, दोन वर्षं. घरगुती खेळणी घेऊन आईला बाळाशी कसं खेळायचं, बोलायचं ते दाखवायच्या. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई ही भेट न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. नुसता पूरक आहार दिलेल्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. आहार नको असं कुणी म्हणत नाही. पण आपल्याकडं ताट पोचतं आणि माणूस तिथंच थांबतो.

आता दसरा. तुमच्याकडं अजून तीन महिने आहेत आणि मला तुमच्या चारही प्रश्नांत हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सोन्यासारखं अजून कुणी होऊ नये हे बऱ्यापैकी तुमच्या वस्तीच्या हातात आहे. हंगामी वसतिगृहं शाळेच्या मुलांसाठी. तीन-चार वर्षांचं लेकरू त्यात बसत नाही. ते एकतर फडावर जातं, नाहीतर आजीपाशी राहतं.

गणपतीच्या सुमाराला एक बैठक घ्या, आईबाप आणि मागं राहणारे आजी-आजोबा दोघंही हवेत. भाषण नको. एकच गोष्ट पटवायची: लेकरू झोपलेलं असताना गाडीत बसायचं नाही. रात्री दोनला गाडी आली तरी उठवायचं, मांडीवर घ्यायचं, सांगायचं, 'माय कारखान्याला चालली, तू आजीपाशी, होळी झाली की माय येणार.' ते रडेल, गाडीमागं धावेल. पाहवणार नाही. तरी तेच करायचं. रडणारं लेकरू आजीच्या कडेवर असतं, तिला त्याला थोपटता येतं. झोपेत सोडलेलं लेकरू सकाळी उठून घरभर शोधतं, आणि त्याला कुणाजवळ रडावं तेही कळत नाही. मुकादमालाही बैठकीला बोलवा. गाडीची रात्र त्याला आधी माहीत असते, दोन दिवस अगोदर सांगायला त्याचं काही जात नाही.

महिने लेकराला कळत नाहीत, सण कळतात. भिंतीवर कोळशानं पाच चित्रं काढून घ्या: पणती, वेळ अमावस्येची कोप, तिळाचा लाडू, होळी, गुढी. एकेक सण झाला की त्यावर लेकरानं हळदीचं बोट उमटवायचं. गुढी आली की माय. एखाद्या साली पट्टा लांबला तर खोटं बोलायचं नाही, अजून एक चित्र काढायचं. फोन ठरावीक वारी, संध्याकाळी, आईबाप कोपीवर, म्हणजे तिकडच्या झोपडीवर, परतल्यावर. मनात येईल तेव्हा दहादा नको, आणि न करता राहणंही नको. निघायच्या आधी मायच्या आवाजात तिची एखादी ओवी तुमच्या फोनवर भरून ठेवा. आजीपाशी बटणाचा फोन असेल तर दुपारी तुम्ही अंगणवाडीत लावा. आणि जायच्या आधीचे पंधरा दिवस लेकराला आजीच्या हातचं जेवण, आजीशेजारची झोप याची सवय लावून ठेवायची, माय घरात असतानाच.

जी लेकरं सोबत जातील त्यांचं माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या पिशवीत जाऊ द्या, पत्र्याच्या पेटीत नको, आणि पोषण ट्रॅकरमध्ये त्यांचं स्थलांतर भरा, म्हणजे तिकडच्या सेविकेला ती दिसतील. तिकडं तोडणी मजुरांच्या अड्ड्यावर कोपीत तान्हं लेकरू सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर राहतं, ही एका वेळी दोन लेकरांची हानी आहे. सर्वोच्च न्यायालयानं १३ डिसेंबर २००६ला सांगून ठेवलंय की सहा वर्षांखालची ४० मुलं असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीनं मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. अड्डा सहा महिन्यांतच उठतो, म्हणून मागणी गाडी हलायच्या आधी व्हायला हवी. हे तुमचं एकटीचं काम नाही. ग्रामसभेचा ठराव आणि ऊसतोड कामगार संघटनेचं पत्र सोबत घ्या, आणि सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी, मॅडमकडून तिकडच्या प्रकल्पाला कळवून घ्या. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा नेली होती, कुरणशाळा. अंगणवाडी हा शब्दही ताराबाईंच्याच कामातून आला. तेव्हा फडाच्या कडेला अंगणवाडी भरवणं म्हणजे काही जगावेगळं मागणं नाही.

सोन्याच्या घरी मात्र यंदा त्यांना जमलं तर एक वेगळी खटपट करा. मायनं हा एक हंगाम गावात राहून रोजगार हमीवर किंवा शेतमजुरीवर काढता येतो का? उचल घेतलेली असेल तर अवघड आहे, जोडीचा एक हात गेला की कोयता अर्धा होतो, हे मला कळतं. म्हणून उचल घ्यायच्या आधी, म्हणजे आत्ताच, नवरा-बायको दोघांना समोर बसवून बोला. नाहीच जमलं तर वर लिहिलं तसं.

राहिली चुंबळ. फेकायची नाही. धुवायचीही नाही, आजीला कितीही किळस आली तरी. त्याच्यात मायच्या डोक्याचा वास आहे, आणि सहा महिने त्या लेकराजवळ मायचं तेवढंच होतं. अंगणवाडीत ती त्याच्या हातात राहू द्या, दुसऱ्या लेकरांना सांगा की ही सोन्याची आहे. आणि मायला म्हणावं, जुन्या लुगड्याची अजून एक चुंबळ वळ, त्याला शेजारी बसवून, चिंधी त्याच्या हातानं धरायला लावून. ती तिच्या डोक्याला राहील.